काहील उतरायच्या आधी

माझा शोधनिबंध रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी स्वीकारला गेला. पाठवला होता सव्वादहाला. ईमेलमध्ये मला 'आदरणीय डॉक्टर' म्हटलं होतं. मी डॉक्टर नाही. नेट परीक्षा झालेली, पलीकडच्या तालुक्यात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारी बाई आहे आणि वारणानगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. 'आपला निबंध दोन तज्ज्ञांनी तपासला असून तो उत्कृष्ट आहे, अठराशे रुपये आजच भरावेत, प्रमाणपत्राचे प्रत्येकी दोनशे वेगळे.' आनंदानं झोप उडाली. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा कुठं डोक्यात आलं, की सव्वादहा ते दोनच्या मध्ये हा वाचला कुणी?

निबंधाचा विषय होता गुऱ्हाळावरची भाषा. माझं आजोळ इथून जवळच. मामांच्या गुऱ्हाळावर दोन हंगाम वही घेऊन बसले होते. चुलवाण, काहील, मळी, रवा, ढेप असे सव्वाशेवर शब्द गोळा केले, त्यांचे अर्थ लिहिले, पुढं-मागं थोडी प्रस्तावना जोडली. झाला निबंध, असं मला वाटलं.

छापायची घाई का, तेही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) प्राध्यापक-नेमणुकीच्या २०१८च्या नियमांत भाषा विषयातल्या एका शोधनिबंधाला दहा गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. म्हणजे एकट्यानं लिहिलं तर दहा, दोघांच्या नावावर टाकलं तर सात आणि सात, चौदा. दहाचे चौदा करणारं हे गणित ज्यानं मांडलं त्याला माणसाचा स्वभाव कळत नसावा, किंवा फारच चांगला कळत असावा. कारण निबंध तयार झाल्याचं कळताच आमच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठांचा निरोप आला, "माझंही नाव टाक, फी निम्मी-निम्मी करू." त्यांनी निबंध पाहिलाही नव्हता. मी टाकलं. तासिका तत्त्वावरच्या माणसानं पुढच्या वर्षीचे तास कोण देतं हे विसरून चालत नाही.

अठराशे भरण्याआधी मी आमच्या कॉलनीतल्या निवृत्त ग्रंथपाल मॅडमकडं गेले. खरं तर पेढे घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलवर त्या नियतकालिकाचं पान उघडलं आणि पेढ्याचा पुडा बाजूला सरकवला.

"यात मराठी, वाणिज्य, परिचर्या, स्थापत्य अभियांत्रिकी, योग, सगळंच छापतात. संपादक आहेत की सगळं विकणारा वारणा बाजार?"

मी म्हटलं, "पण मॅडम, आयएसएसएन आहे."

"तो आठ आकडी ओळखक्रमांक. आधार कार्ड आहे म्हणून माणूस भला ठरतो का?"

"इम्पॅक्ट फॅक्टर सात पूर्णांक आठ आहे."

"कुणी मोजला?"

याचं उत्तर पानावर नव्हतं. खाली 'कोप'चं बोधचिन्ह मात्र होतं. मला ते शोभेचं वाटलं होतं. मॅडमनी सांगितलं, की ही प्रकाशनातल्या नीतिनियमांची समिती आहे. १९९७मध्ये इंग्लंडातल्या काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन ती सुरू केली. लेखक कुणाला म्हणायचं, चुकीचा निबंध मागं कसा घ्यायचा, पैशाचे हितसंबंध कसे उघड करायचे, यावर तिची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. चिन्ह चिकटवताना मात्र कुणी परवानगी विचारत बसत नाही, डिंक असला की झालं. मग त्यांनी संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना फोन लावला. त्यांच्या ओळखीचे निघाले. आपलं नाव त्या मंडळात आहे हे प्राध्यापकांना आमच्याकडूनच कळलं.

मी अजून एक पान काढलं. "इथं लिहिलंय, यूजीसी केअर लिस्टेड."

मॅडम हसल्या आणि त्या दिवशी चहा दोनदा झाला, कारण ही गोष्ट लांब आहे. आयोगानं आधी नियतकालिकांची एक मान्यताप्राप्त यादी केली होती. विद्यापीठांनी नावं सुचवायची, आयोगानं यादीत घ्यायची. पुण्यात संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांकडून आलेल्या नावांतली १००९ नियतकालिकं तपासली. धड पत्ता, खरं संकेतस्थळ, संपादकांची खरी माहिती असल्या गोष्टी बघितल्या. त्यातून टिकली फक्त ११२. हे २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं यादीतून ४३०५ नावं एका फटक्यात काढली. मग 'केअर' ही नवी व्यवस्था आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. २०१९पासून नवी यादी निघाली. तर लोकांनी यादीतल्या नियतकालिकांच्याच नकला केल्या. तेच नाव, तोच क्रमांक, फक्त पैसे भरायचं खातं दुसरं. शेवटी फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगानं ती यादीच बंद केली आणि काही निकष देऊन सांगितलं, की आता ज्याचं त्यानं पारखून घ्यावं.

"म्हणजे बंद झालेल्या यादीत असल्याचं सांगून हे तुझ्याकडं पैसे मागतायत," मॅडम म्हणाल्या.

मला आठवला तो वारणेतलाच एक जुना प्रयोग. १९९८मध्ये इथल्या सत्तरेक गावांत 'वायर्ड व्हिलेज' म्हणून संगणक आले, तेव्हा मोठं अप्रूप होतं ते उसाच्या वजनाचं आणि बिलाचं. ते आपल्या गावात बसून बघायला मिळणार होतं. काटा मारला, म्हणजे वजनात फसवलं, हे ऊसपट्ट्यात लहान पोरालाही कळतं. आपला ऊस किती भरला हे शेतकरी दहादा विचारतो. मी मात्र माझा माल कुणी, कोणत्या काट्यावर तोलला, हे न विचारता अठराशे मोजायला निघाले होते.

पैसे भरले नाहीत. पुढं महिनाभर त्यांचे मेसेज येत राहिले. शेवटी 'फक्त नऊशे'वर आले.

मॅडमच्या सांगण्यावरून निबंध एका जुन्या मराठी त्रैमासिकाकडं धाडला. फी नाही. त्याआधी एका सॉफ्टवेअरमधून तपासून घेतला. आयोगाच्याच २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. माझं आलं तीन टक्के. तेही इंग्रजी गोषवाऱ्यातलं. देवनागरी मजकुरातलं एक अक्षरही त्या यंत्राला कुठं सापडलं नव्हतं. मी निर्धास्त झाले.

पाच महिने काहीच नाही. मग दोन पानी पत्र आलं. तपासणाऱ्याचं नाव नव्हतं, पण त्यानं निबंध वाचला होता हे पहिल्या ओळीपासून कळत होतं. 'चुलवाण' आणि 'चुलाण' हे दोन शब्द मी वेगळे दिले होते, ते एकच असावेत, कोणत्या गावात कोणता ऐकला? मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात असं लिहिलंय, कोणती भेंडी, तिचं तिथं काय नाव? पृष्ठ सहावरचे दोन परिच्छेद एका जुन्या स्मरणिकेतल्या लेखाशी जुळतात, उल्लेख का नाही?

ते वाचून कानशिलं तापली. ती स्मरणिका माझ्या मामांच्या माळ्यावर होती. शब्द इकडचे तिकडं करून मीच ते परिच्छेद घेतले होते. तेव्हा ती चोरी वाटली नव्हती, नोंदी वाटल्या होत्या. यंत्राच्या तीन टक्क्यांतून सुटलेली गोष्ट एका माणसानं पकडली, कारण त्यानं ती स्मरणिका कधीतरी वाचली होती.

शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा होता. 'हे शब्द कोणी सांगितले? त्यांची संमती घेतली आहे का?' माझ्या निबंधात लिहिलं होतं, 'परिसरातील गुऱ्हाळांवरून संकलित.' जणू ते शब्द चिपाडांच्या ढिगात पडलेले होते आणि मी वेचून आणले.

सुधारित मसुद्याला तीस दिवस होते. रविवारी वही घेऊन गुऱ्हाळावर गेले. गुळव्या आबा काहिलीपाशी उभे होते. सव्वाशेतले शंभर शब्द त्यांचेच. उकळी वर चढत होती, वास गोड होता पण अजून कच्चा. आबांनी दांड्याच्या टोकावरचा थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडला, दोन बोटांत वळला, आणि मान हलवली. अजून नाही. मामा म्हणाले, "झालाय की आता." आबांनी ऐकलंच नाही. पुन्हा थेंब, पुन्हा वाटी. मागणारा किती घाईत आहे याचा त्या गोळीशी काही संबंध नसतो.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुमचं नाव छापू का, कुठले शब्द तुमचे म्हणून लिहू, काही वगळायचं का. त्यांना पहिल्यांदा हसूच आलं. "आता इचारतीस व्हय? दोन वरसं लिवून घेतलंस की." मग म्हणाले, "छाप. पर भेंडीचं मी सांगिटलेलं न्हाई, ते तुज्या मामानं. माझ्या नावावर घालू नगंस."

मी दुरुस्ती केली. "वाच बगू, कसं लिवलंयस," ते म्हणाले. मी वरून वाचायला लागले. शीर्षक. मग माझं नाव. मग स्वल्पविराम आणि आमच्या ज्येष्ठांचं नाव, पदासकट.

आबांनी वाटीतली गोळी काढून काठावर मारली. टण्ण आवाज आला.

"हे सायेब कवा आलतं गुऱ्हाळावर?"

मी वहीकडं बघत राहिले. तोवर ते वळले होते आणि जाळ कमी करायला, माणसं बोलवायला ओरडत होते, कारण काहील आता उतरायला हवी होती.