वर्षाचं होणं

आमच्या सिंदी (रेल्वे)ला तान्ह्या पोळ्याचं भारी वेड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून निघतात. शेजारच्या काकूंनी दिलेला छोटा नंदी घेऊन मीही एका वर्षी घरोघरी बोजारा गोळा केला होता. घरी आलो की नंदी कोपऱ्यात आणि मी अंगणातल्या करडाजवळ. अब्बांनी ते बकरीदसाठी आणलं होतं. मी त्याला मोती म्हणायचो. दादी म्हणाली होती, ‘नाम मत रख बेटा, फिर भारी पडता है.’

मोती दोर सोडवून गल्लीभर फिरायचा. एकदा माझी गणिताची वही खाल्ली, एकदा काकूंची तुळस. प्रत्येक वेळी मी त्याची बाजू घेतली. ईदच्या सकाळी मात्र मी घरामागे जाऊन बसलो. अब्बा शोधत आले, शेजारी बसले. म्हणाले, ‘ज्याच्यावर जीव नाही ते देण्यात काय आहे?’ मला ते पटलं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे कॉलेजात ‘पाडस’ वाचलं. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ नाव ‘द इयरलिंग’, म्हणजे वर्षाचं जनावर. मी थबकलो. कुर्बानीचा बोकडही वर्षाचा पूर्ण लागतो.

बहुतेक बालकथांत पिल्लू हरवतं, संकटात सापडतं, शहाणं होऊन घरी परततं. ‘पाडस’मधला फ्लॅग शहाणा होत नाही, नुसता मोठा होतो. तो मक्याचे कोंब खातो आणि त्या कोंबांवरच त्या घराचं वर्ष निघायचं असतं. कुंपण उंच केलं तरी तो उडी मारतो. बाप अंथरुणाला खिळलेला. आईची गोळी नीट लागत नाही, तेव्हा शेवटची गोळी ज्योडीलाच झाडावी लागते. तो बापावर चिडून पळून जातो, उपाशी भटकतो आणि परततो तेव्हा पोर राहिलेला नसतो.

ज्योडीच्या घरी भूक होती, आमच्याकडे श्रद्धा. दोन्ही एक नाहीत. पण घरामागे बसलेला पोरगा मला ओळखीचा वाटला. बापाच्या मनातलंही तेव्हा थोडं कळलं.

परवा लेकीला मोतीची गोष्ट सांगत होतो. वही खाल्ली तिथे ती खूप हसली. मग म्हणाली, ‘अब्बू, पुढे?’ लाकडी नंदी वर्षानुवर्षं तान्हाच राहतो. गोष्ट तिथेच वळवता आली असती.

मी पुढचंही सांगितलं. ती गप्प बसून राहिली. मीही शेजारी बसलो.