फ्लू नाही, मग काय?

कळंब तालुक्यात मी आशा सेविका म्हणून काम करते. सोयाबीनची काढणी लागली की घरोघरी खोकला सुरू होतो. असंच एका घरी बाळाच्या तिसऱ्या महिन्याच्या भेटीला गेले, तर आजोबांपासून थोरल्या पोरीपर्यंत सगळी शिंकत होती. लेकरू आईच्या मांडीवर. दोन घोट ओढायचं, सोडायचं, धापा टाकायचं.

"ताई, ताप उतरलाय की, मग दूध कामून घेईना?" आजींनी विचारलं.

झबलं वर केलं. पोट भराभर उडत होतं, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजलं: 64. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असला की धोका. शिवाय छाती आत ओढली जात होती. लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या साध्या माणसांना हेच श्वास मोजणं शिकवलं आणि न्यूमोनियाने जाणारी मुलं वाचवली.

बाळाला पुढे सोलापूरला हलवलं. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला, "ताई, फ्लू निगेटिव्ह, कोरोनाबी निगेटिव्ह. मग आता घरी आणू का?" मी ठामपणे नाही म्हणाले. लोकांना हेच समजावणं सगळ्यात अवघड जातं. फ्लू नाही म्हणजे काहीच नाही, असं होत नाही. नंतरच्या तपासणीत आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. धडधाकट मोठ्यांना त्याने बहुधा नुसती सर्दी होते, तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्या मात्र सुजतात, चिकट कफाने भरतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ऑक्सिजन, नाक साफ करणं आणि नळीने दूध, एवढ्यावर लेकरू सावरलं. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावोगाव केलेल्या अभ्यासात याच विषाणूने घरातच दगावलेली बाळं आढळली. ती दवाखान्याच्या नोंदीत कशी येणार? अमेरिकेत 2023 पासून गरोदर बाईला याची लस मिळते. आमच्या बायांना ती सरकारी दवाखान्यात मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या अशाच सर्दी-खोकल्याच्या दुसऱ्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा फोन थांबेना. नवा कोरोना आला का, एवढाच प्रश्न. मी सांगायचे, हा विषाणू 2001 साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, पण तिथल्या 1958 सालच्या साठवलेल्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे आपल्यात तो जुनाच. घाबरू नका, पण सर्दी झाली असेल तर बाळाचा मुका घेऊ नका, हात धुतल्याशिवाय त्याला उचलू नका. मोठ्या माणसांना हे सांगताना जड जातं, विशेषतः आजोबांना. तरी सांगते. आणि काढणीच्या दिवसांत तान्हं बाळ असलेल्या घरी आधी जाते.