माझी आई करायची

आमच्या घरात गोधडी कधी विकत आली नाही आणि कधी विकलीही गेली नाही. ती व्हायची. कुणाला दिवस गेले की दुपटं, मुलगी सासरी निघाली की डबल वाकळ, आणि काहीच निमित्त नसलं तर नुसतं पेटीत जुनेर फार साठलं म्हणूनही एखादी. कराडकडच्या माहेरी तिला वाकळच म्हणत. पुण्यात आल्यावर माझ्या तोंडी गोधडी बसली. शिवणारी घरची, पांघरणारा घरचा, कापडही घरातल्याच कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं. त्यात पैशाचा विषय यायला जागाच नव्हती.

त्यामुळे दिवाळीच्या आधी एका मंगल कार्यालयात भरणाऱ्या शनिवार-रविवारच्या प्रदर्शनात मी टेबल घेतलं, तेव्हा शिवण्यापेक्षा चिठ्ठीवर किंमत लिहायलाच जास्त वेळ गेला. गंमत म्हणजे माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या काउंटरवर गेली. दुसऱ्याचे लाखो रुपये मोजताना माझा हात कधी अडखळला नाही. पण 'दुपटं, रु. 450' एवढं लिहून मी ती चिठ्ठी उलटी करून ठेवली.

450 मी हवेतून काढले नव्हते. तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं घ्या. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या इंचावर घातल्या तर एका दुपट्यात बहात्तर ओळी बसतात. प्रत्येक ओळ तीन फुटांची, म्हणजे सगळी मिळून 216 फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर दहा हजारांवर टाके. एक ओळ घालायला सहा मिनिटं धरा. मध्ये सुईत दोरा ओवणं, अंगुस्तान शोधणं, पाठ सरळ करणं सोडून द्या, तरी सात तासांच्या वर काम होतं. म्हणजे पुरता एक दिवस. रोजगार हमीची कल्पना आपल्याच महाराष्ट्राची, सत्तरच्या दशकातली. पुढे केंद्राच्या योजनेत महाराष्ट्रासाठी 2024-25 सालचा दर होता रोजाला 297 रुपये. नालाबंडिंगवर माती उचलणाऱ्या बाईइतकीच मजुरी मी स्वतःला लावली. वर दोरा, अस्तराचं नवं कापड आणि टेबलाच्या भाड्याचा वाटा. झाले 450. यात नफा कुठे आहे, असं मुलीने विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता, पण त्या क्षणी मला नफ्यापेक्षा साडेचारशेचा आकडा मोठ्याने म्हणण्याचीच भीती जास्त होती.

शेजारच्या टेबलावर भाजणी, उटणं आणि अनारशाचं पीठ घेऊन एक बाई होत्या. अशा प्रदर्शनांत मुरलेल्या. माझं टेबल मांडून होईस्तोवर त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. बसायचं नाही, विकणारी बसली की गिऱ्हाईक पुढं जातं. सगळा माल मांडायचा नाही. आणि, "ताई, किंमत सांगितली ना, की तोंड मिटायचं. तुम्ही किंमत सांगून वर कारणं द्यायला लागलात की समोरच्याला कळतं, हिला स्वतःलाच पटलेली नाही." पहिल्या दोन गोष्टी मी लगेच ऐकल्या. तिसरी जमेना. कुणी 'केवढ्याला' म्हटलं की मी 450 म्हणून श्वासही न घेता दहा हजार टाके, सात तास आणि रोजगार हमीवर येत असे. लोक सभ्य होते. ते पूर्ण ऐकून घेत आणि उटण्याकडे वळत.

भाजणीवाल्या बाईंकडे भवानी साडेदहालाच झाली होती. माझ्याकडे दुपार उलटली तरी टेबलावरची घडी मोडली नव्हती. तसं म्हणायलाही अर्थ नाही, कारण घड्या सारख्या मोडत होत्या. गोधडी दिसली की माणसाचा हात आपोआप तिच्याकडे जातो, हे मला त्या दिवशी कळलं. चालता चालता पुरुषसुद्धा बोटं फिरवून जात. वयस्कर बायका तर सरळ उलटीच करून बघत. एक आजी आल्या, पांढरं स्वच्छ लुगडं, हातात कापडी पिशवी. त्यांनी दुपटं उचललं, पाठ वर केली, अंगठ्याचं नख एका ओळीवरून सरकवत नेलं. मग मध्येच थांबून दोन बोटांनी कापड चिमटीत धरलं आणि दोन्ही थर एकमेकांवर चोळले. माझा दोरा तिथे संपला होता आणि दुसरा सुरू झाला होता. गाठ मी थरांच्या आत ओढून घेतलेली. वरून दिसत नाही, पाठीकडून दिसत नाही, पण चिमटीला लागते. "हाताची आहे," आजी स्वतःशीच म्हणाल्या आणि दुपटं घडी घालून, माझ्यापेक्षा चांगली घडी घालून, परत ठेवलं. इतक्या जाणकार नजरेने माझं काम आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या काही घेणार नव्हत्या. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसतो, हे पचायला मला थोडा वेळ लागला.

जाताना त्या जे म्हणाल्या ते मी दिवसभर ऐकत होते. "माझी आई करायची."

आई नाहीतर आजी, मावशी, 'गावाला आमच्या काकू'. कौतुक करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कुणा ना कुणाचं नाव घेतलं आणि तो पुढे गेला. चिडायला होत होतं. सोलापुरी चादर समोर ठेवली तर कुणी 'माझी आई विणायची' म्हणत नाही. जयपुरी रजईला कुणी आईची आठवण सांगत नाही; वजन बघतात, रंग बघतात, घेतात. माझ्या टेबलापाशी मात्र येणारा प्रत्येक जण गोधडीत मुरलेला, आणि मुरलेला म्हणूनच पाकिटाला हात न लावणारा.

संध्याकाळी एक तरुण जोडपं आलं, सोबत मुलाची आई. सून सातव्या-आठव्या महिन्यात असावी. तिने निळं दुपटं उचललं आणि विचारलं, "नव्या कापडाचं आहे ना?" मी म्हटलं, अस्तर नवं आहे, वरचं कापड जुनी सुती साडी. धुतलेली, उन्हात घातलेली. सासूबाई लगेच म्हणाल्या, अगं बाळाला जुनंच हवं, नव्याला खळ असते, टोचतं, आणि धुतल्यावर आकसून सगळं दुपटं गोळा होतं. अगदी खरं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या सुतातून सुईसुद्धा सुखाने जाते. मला वाटलं, आता झालं. पण सुनेने विचारलं, "जुनी म्हणजे कुणाची?"

माझ्या जाऊबाईंची, म्हणाले मी.

तिने दुपटं खाली ठेवलं. अजिबात उद्धटपणे नाही. आणि गंमत अशी की जुन्या कापडाची वकिली करणाऱ्या सासूबाईंनीही 'घे ग' म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "घरी माझ्या दोन आहेत सुती. त्यांचं बघू."

त्या रात्री मी न विकलेली बोचकी घेऊन रिक्षातून घरी आले आणि नवऱ्याने 'कसं झालं' विचारल्यावर 'लोकांना आवडल्या' एवढंच म्हणाले. पण डोक्यात ती सून होती. तिचं काय चुकलं? जाऊबाईंच्या ज्या इरकलीच्या काठामुळे ती गोधडी मला मोलाची वाटते, तो काठ तिच्या लेखी कुणा परक्या बाईच्या अंगावरून उतरलेला चिंधीचा तुकडा. माझ्याकडे ज्यामुळे ऊब, त्याचीच तिला शिसारी. तीही बरोबर आणि मीही. अंगावर फाटक्या तुकड्यांचं पांघरूण म्हणून गाडगेबाबांना लोक गोधडेबाबाही म्हणत; ते काही कौतुकाचं नाव म्हणून सुरू झालं नसणार. ठिगळांचं वस्त्र हे गरिबाचंच होतं. आपल्या माणसाचं असेल तरच ते मायेचं. घरात हा फरक कधी दिसत नाही, कारण घरात परकं कापड येतच नाही.

बंगालच्या कांथ्याचं मला नेहमी कौतुक वाटे. तोही मुळात हाच प्रकार, जुन्या साड्यांचे थर आणि धावदोरा. दोरेसुद्धा साड्यांच्या काठांतून उसवून घ्यायचे. आज मोठ्या दुकानांत कांथ्याची साडी हजारांनी जाते. पण दुकानातला कांथा जुन्या साडीवर नसतो, कोऱ्या टसरवर असतो. टाका घरातून बाजारात गेला, जुनं कापड घरीच राहिलं. मला वाटतं, जाताना कांथ्याला ते सोडावंच लागलं असणार.

मग मला माहेरची एक बाई आठवली. पावसाळा संपला की ती आमच्या आळीत यायची. लोक आपापली जुनेरं काढून द्यायचे, ती कुणाच्याही ओसरीवर सतरंजी टाकून बसायची, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, जे सापडेल ते वजन ठेवायची आणि कडेकडून आत शिवत जायची. संध्याकाळी जाताना ज्वारी आणि थोडे पैसे. घरातल्या बायकांना वेळ नसला किंवा पाठ धरलेली असली की काम तिच्याकडे. तिच्या गोधडीला आम्ही कधी तिची म्हटलं नाही, कापड ज्याचं गोधडी त्याची. ती शिवणारी. तिला कुणी कलाकार म्हटलं नाही, आणि तिच्या मजुरीवरून घासाघीस मात्र माझ्या आजीनेही केली. आता मी त्या कार्यालयात 'हस्तकला' लिहिलेल्या फलकाखाली उभी, आणि मनातून तिच्यापेक्षा वेगळी. प्रत्यक्षात गोधडीचा धंदा आमच्याकडे पूर्वापार होता, आणि तो तिचा होता. माल विकायचा नाही, हात विकायचे. म्हणजे दिवसभर जे वाक्य मला नकार वाटत होतं ते खरं तर गिऱ्हाईकाने दाखवलेला माल होता. आई करायची, आता करणारं कुणी नाही, आणि साड्या अजून कपाटात आहेत.

रविवारी मी टेबलावरच्या चिठ्ठ्या काढल्या. मुलीकडून एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून घेतलं: 'तुमच्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल.' खाली दर, चौरस फुटाला चाळीस रुपये. शनिवारचाच हिशेब, फक्त कापड वजा. टेबलावर नमुन्याला दोनच गोधड्या, एक सरळ ओळींची, एक कडेकडून चौकोनात शिवलेली. भाजणीवाल्या बाईंनी पुठ्ठा वाचला आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत. पण अर्धे पैसे आधी घ्या, नाहीतर साड्या तुमच्याकडेच पडून राहतील."

त्या दिवशी दर सांगताना आवाज अडखळला नाही. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित असं असेल की जाऊबाईंच्या साडीची किंमत सांगताना मी जाऊबाईंना विकायला काढल्यासारखं वाटत होतं, आणि टाक्याची किंमत सांगताना फक्त टाकाच विकायचा होता. पतसंस्थेत पगारावर मी महिन्याच्या महिन्याला तेच तर करत होते. दर विचारला की चाळीस म्हणायचं आणि गप्प बसायचं. बाई म्हणत होत्या तसं.

दुपारी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. शनिवारी येऊन नुसते हात फिरवून गेले होते. आज पिशवी घेऊन आले. पिशवीत चार सुती साड्या, इस्त्री केलेल्या. जुनेराला इस्त्री कोण करतं? मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फक्त एक जांभळ्या काठाची साडी वर ठेवून ते म्हणाले, हा काठ पायाकडे नको, डोक्याकडे घ्या. मी टेप काढला. पाच बाय सात. पस्तीस चौरस फूट.

"चौदाशे," मी म्हटलं.

"चौदाशे? कापड तर सगळं आमचंच आहे."

"म्हणूनच चौदाशे. कापड माझं असतं तर तुम्ही घेतलीच नसती."

ते हसले, मान हलवली आणि तेराशेवर आले. मी पावतीपुस्तकावर चौदाशे लिहिले, त्याखाली आगाऊ सातशे, आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा त्यांच्याकडे फिरवला.