तार, मणी आणि पक्कड

छंद कोणता, असं विचारलं की आपल्या शाळेतली उत्तरं बहुतेक ठरलेली असतात: फुटबॉल, गिटार, तिकिटं जमवणं, फार तर बुद्धिबळ. माझा छंद जरा वेगळा आहे. मी तांब्याची तार आणि मणी घेऊन दागिने बनवतो. माळा, कानातले, लोलक आणि हो, बांगड्यासुद्धा. हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या युनिफॉर्मकडे बघतो आणि मग हसतो. भित्र्या माणसाला मराठीत विचारतात, 'हातात बांगड्या भरल्यात का?' हिंदीतही हेच विचारतात, त्यामुळे हाऊसमध्ये मराठी मुलं चार-पाचच असली तरी हा विनोद सगळ्यांना समजतो. सैनिकी शाळेतला मुलगा आणि बांगड्या! गेली तीन वर्षं मी तो ऐकतोय. या छंदात नेमकं काय असतं आणि तो मी का सोडला नाही, हे एकदा लिहावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

सुरुवात अगदी साधी झाली. सातवीत क्रॉस कंट्रीच्या सरावात माझा घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी सहा आठवडे खेळ बंद केले. संध्याकाळी सगळे मैदानावर जायचे आणि मला हस्तकलेच्या खोलीत पाठवलं जायचं. पहिले दोन दिवस मी खिडकीतून मैदान बघत बसलो. तिसऱ्या दिवशी सरांनी जुन्या पंख्याच्या मोटारीतून काढलेल्या तारेचं एक भेंडोळं आणि एक पक्कड माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "याची एक नीट गोल कडी करून दाखव." मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी मी तीसेक कड्या केल्या. त्यातली एकही गोल नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसलो नाही.

या कामाला सामान फार लागत नाही. गोल टोकांची पक्कड, सपाट तोंडाची पक्कड आणि तार कापायचं कटर, एवढी तीन हत्यारं. ती हस्तकलेच्या कपाटातच राहतात, कारण डॉर्मिटरीत ठेवायला परवानगी नाही. तार मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणतो. तिथे ती वजनावर मिळते. मण्यातून ओवायला २२ गेजची, म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची तार चालते. गुंडाळायला २८ गेजची लागते, ती जवळजवळ निम्म्या जाडीची असते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे सुरुवातीला उलटं वाटतं. मोटारीच्या तारेवर वार्निशसारखा पातळ थर असतो, त्यामुळे तांबं लवकर काळं पडत नाही.

या कामात डाग द्यायचा नाही, गोंद लावायचा नाही, जाळ लागत नाही. सगळं काही तारेच्या पिळावर धरलेलं असतं. मण्यातून तार ओवायची, बाहेर आलेलं टोक काटकोनात वाकवायचं, गोल पकडीवर फिरवून त्याची कडी करायची आणि उरलेलं टोक कडीच्या मानेभोवती तीन वेढे घालून कापायचं. मग कापलेलं टोक सपाट पकडीने आत दाबायचं. ही शेवटची पायरी विसरली की ते टोक कातडीला ओरखडे काढतं. मण्याच्या दुसऱ्या बाजूलाही असंच करायचं आणि कडीत कडी अडकवत पुढे जायचं. दोऱ्यात ओवलेली माळ एका जागी तुटली की सगळे मणी घरभर पळतात. तारेच्या माळेत प्रत्येक मणी आपापल्या कड्यांवर उभा असतो. एक कडी उघडली तर तेवढीच दुरुस्त करता येते.

तारेचा एक स्वभाव मला फार आवडतो. तांब्याची तार वाकवली की तेवढ्या जागी ती कडक होते. तीच जागा सरळ करून पुन्हा वाकवली तर आणखी कडक होते आणि शेवटी मोडते. भट्टीत तापवली तर ती पुन्हा मऊ पडते, पण होस्टेलमध्ये भट्टी कुठली? म्हणजे हाताशी संधी एक-दोनच. त्यामुळे पक्कड दाबण्याआधी कडी कुठे येणार, हे डोळ्यांपुढे आणावं लागतं. एनसीसीच्या फायरिंगमध्ये ट्रिगर दाबण्याआधी श्वास रोखतात, तसाच मी इथेही नकळत रोखतो. हे आमच्या ड्रिलच्या उस्तादांनी एकदा दारातून पाहिलं. मला वाटलं, आता तेही बांगड्यांवरून काहीतरी बोलणार. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. तिची कडी तुटली होती. "बना दोगे?" एवढंच म्हणाले. ती शिट्टी आजही रोज पहाटे पीटीला आपल्याला धावायला लावते. तिच्या कडीबद्दल तक्रार असेल तर माझ्याकडे करावी!

नववीत आपली सहल लोथलला गेली होती. तिथल्या संग्रहालयात बाकीचे मुद्रा बघत होते आणि मी मण्यांच्या काचेपुढून हलत नव्हतो. एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली १९५५ पासून तिथे उत्खनन झालं. त्यात गोदीसारखा मोठा हौद सापडला, तसाच मणी बनवण्याचा कारखाना आणि मणी भाजायची भट्टीही सापडली. चार हजार वर्षांपूर्वी तिथले कारागीर अकीक नावाचा दगड भाजून लाल करत आणि त्याला बारीक भोक पाडत. दगडात लोहाचा अंश असतो, तो उष्णतेने लाल होतो. सिंधू संस्कृतीतले असे लाल मणी पार इराकमधल्या ऊर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत. लोथलपासून जवळच असलेल्या खंभातमध्ये अकीकाचं काम आजही चालतं. दगड भाजायचा, टिचून आकार द्यायचा, घासायचा, हिऱ्याचं टोक असलेल्या गिरमिटाने भोक पाडायचं, ही रीत फारशी बदललेली नाही. पण दगड घासताना उडणारी धूळ श्वासातून कारागिरांच्या फुप्फुसांत जाते. त्यातून सिलिकोसिस हा आजार होतो आणि तो बरा होत नाही. परतताना बस खंभातला थांबली, तेव्हा मी खाऊच्या पैशांतून लाल अकीकाचा एक सर घेतला. पन्नासेक मणी होते. तेव्हापासून मणी टेबलाखाली गेला तर मी पुरता वाकून तो शोधतो. कुणीतरी त्यासाठी काय दिलंय, हे मला माहीत आहे.

आता बांगड्यांच्या विनोदाकडे येतो. आपल्या मुख्य इमारतीत परमवीर चक्र विजेत्यांचे फोटो आहेत. आजवर २१ जणांना हा मान मिळाला आहे आणि ती नावं आपल्याला पाठ असतात. पण ते पदक कुणी घडवलं, हे मला आठवीपर्यंत माहीत नव्हतं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची आहे. त्यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करण्यासाठी त्या भारतात आल्या, इथल्याच झाल्या, मराठी आणि संस्कृत शिकल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर हे काम सोपवलं आणि २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र अस्तित्वात आलं. कांस्याची गोल चकती, मधे राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. ज्या दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडं दिली, त्यांची ती आठवण. वर जांभळी फीत आणि ती अडकवायला फिरती दांडी. ती दांडी मी फोटोत पहिल्यांदा नीट बघितली ती या छंदामुळेच, कारण दोन भाग एकमेकांत कसे अडकवलेत, तिकडेच आता माझी नजर आधी जाते. धातू, आकार, फीत, कडी. सेनेतला सर्वांत मोठा मानसुद्धा शेवटी कुणीतरी कागदावर रेखून, हातांनी घडवून छातीवर लावण्याजोगा करावा लागतो.

पण खरं सांगायचं तर मी हा छंद सोडला नाही, तो आज्जीमुळे.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, १९७१ च्या युद्धात होते. मी सहावीत इथे आलो आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. परीक्षा संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आज्जी दारातच उभी होती. तिचे हात भुंडे होते. हिरव्या बांगड्या नव्हत्या, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, बोरमाळ कपाटात गेली होती. लहानपणापासून ती भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या, त्या आवाजाने मला जाग यायची. त्या सुट्टीत मी रोज उशिरा उठलो.

त्याच मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीची बातमी आली. ४ मे २०२२ रोजी त्यांनी ठराव केला होता: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. पुढे महाराष्ट्र शासनानेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. बाबांनी बातमी मोठ्याने वाचली. आज्जी म्हणाली, "बरं केलं त्यांनी," आणि चुलीकडे गेली. बाकी कुणी काही बोललं नाही.

मी त्यावर बराच विचार केला. पुरुषाच्या हातात बांगड्या आहेत म्हटलं तर तो त्याचा अपमान. बाईच्या हातातून त्या काढून घेतल्या तर ती तिची शिक्षा. एकाच वस्तूने दोघांना कमी लेखायचं कसं जमतं, ते मला अजून कळलेलं नाही.

खंभातचे मणी घेताना ते कुणासाठी, हे माझं ठरलं होतं. त्यातले चाळीस निवडले. तासाभरात चार-पाच मणी व्हायचे, म्हणून नऊ शनिवार लागले. ऐंशी कड्या आणि सुमारे साडेतीन मीटर तार. मंगळसूत्रासारखी दिसू नये म्हणून काळा मणी एकही घातला नाही. नववीच्या दिवाळीत ती माळ आज्जीच्या हातात दिली. तिने एकेक मणी बोटाने चाचपला, जपमाळेसारखा. मग म्हणाली, "लई झ्याक केलंयस. पर मला कशाला रं आता? कोण काय म्हणंल?" मी म्हणालो, "आज्जी, आजोबांची मेडलं तू दर महिन्याला ब्रासो लावून पुसतेस. तीस वर्षं घर तू एकटीने सांभाळलंस. तुला कुठे मेडल मिळालं?" ती हसली आणि माळ आजोबांच्या पदकांच्या पेटीत ठेवून दिली. मला वाईट वाटलं, पण मी हट्ट केला नाही. घालायची की नाही, हे तिने ठरवायचं होतं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे दरवर्षी लिहून द्यायचं. मी आज्जीबरोबर जाणार होतो. सकाळी ती इरकली लुगडं नेसून बाहेर आली आणि पदराच्या काठापाशी लाल मणी दिसले. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. बँकेत तिच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. शेतात राबून रेषाच झिजल्यात. चार वेळा अंगठा पुसून झाला, पाचव्यांदा घेतला. तोवर मागे उभ्या असलेल्या गावातल्या एक काकू माळेकडे बघत होत्या. त्यांनी विचारलंच. आज्जी म्हणाली, "नातवानं केलीया. मिल्ट्रीच्या शाळेत असतोय." काकूंनी माळ हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "मलाबी एक करशील का रं?" त्यांच्याही गळ्यात काही नव्हतं.

त्यांची माळ झाली. मग आणखी तीन झाल्या. आता खंभातहून मणी मागवावे लागतात आणि शनिवारी हस्तकलेच्या खोलीत माझ्याबरोबर आणखी पाच जण बसतात, दोन मुली आणि तीन मुलगे. त्यातला एक जण बांगड्यांचा विनोद सगळ्यांत मोठ्याने करायचा. आईच्या वाढदिवसासाठी कानातले करतोय. त्याची कडी अजून गोल होत नाही. तीस झाल्या की होईल, असं मी त्याला सांगितलंय.

मागच्या रविवारी घरी फोन केला. आज्जीने आधी जेवलास का विचारलं, मग अभ्यासाचं विचारलं आणि शेवटी म्हणाली, "माळंचा आकडा जरा सैल झालाय. रोज काढघाल हुतीया न्हवं. सुट्टीला येशील तवा तुझी पक्कड घेऊन ये."