एक अक्षर मागे



चौथीच्या वर्गात आजारांचा पाठ चालू होता. “विषाणूला एकट्याला काहीच करता येत नाही,” असं सांगून मी पुढे निघाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “बाई, त्याला काहीच येत नाही, तर माझे आजोबा कसे गेले?” त्याचे आजोबा कोरोनात गेले होते. “मोठा झालास की कळेल,” म्हणून मी फळ्याकडे वळले.

खरं सांगते, मलाच माहीत नव्हतं. माझी बारावी कला शाखेची, नंतर डी.एड. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग वाचत बसले. जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

आपल्या पेशीत रायबोसोम नावाची इवलीशी यंत्रं असतात. आरएनएवरचा मजकूर वाचून ती प्रथिनं बनवतात. हा मजकूर चारच अक्षरांचा असतो: ए, यू, जी, सी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. रायबोसोम तीन-तीन अक्षरं मोजून वाचतो. विषाणूजवळ स्वतःचा रायबोसोम नसतो. तो आपला मजकूर आपल्या पेशीच्या रायबोसोमकडून वाचून घेतो.

आता ही पट्टी फळ्यावर लिहा: मगनबदकपकडथबक. तीन-तीन अक्षरांनी वाचली तर ‘मगन बदक पकड थबक’. शेवटी थांबायची खूण. आता ‘बदक’नंतर एक अक्षर मागे या आणि ‘क’ पुन्हा वाचा: ‘मगन बदक कपक डथब क’. थांबायची खूणच गायब!

कोरोनाचा विषाणू अगदी हेच करतो. त्याच्या सुमारे 30,000 अक्षरांच्या मजकुरात एका ठिकाणी यूयूयूएएएसी अशी घसरडी जागा आहे. सारखी अक्षरं ओळीने आलेली, त्यामुळे एक पाऊल मागे सरकलं तरी जोडी जुळते. पुढे आरएनएचीच एक गाठ वाट अडवते. रायबोसोम तिथे अडतो आणि कधीकधी एक अक्षर मागे घसरतो. न घसरता वाचलं, तर थोड्याच अंतरावर ‘यूएए’ ही थांबायची खूण येते आणि काम संपतं. घसरला की तीच अक्षरं ‘जीयूए एजीयू’ अशी फुटतात आणि वाचन पुढे चालू राहतं. विषाणूच्या आरएनएच्या नकला काढणाऱ्या मुख्य यंत्राचा मजकूर या पुढच्या भागातच आहे. ते बनलं की एकाचे हजारो होतात.

ही युक्ती कोरोनाने नव्याने आणलेली नाही. 1985 मध्ये टायलर जॅक्स आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूत ती दाखवून दिली होती. एचआयव्हीमध्येही ती आहे. तिथे शंभर वाचनांत साधारण पाच वेळा घसरण होते, कारण त्याला बांधणीची प्रथिनं भरपूर लागतात आणि काम करणारी विकरं थोडी. हे प्रमाण बिघडलं की विषाणूचीच घडी विस्कटते.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला पट्टी दिली. त्याने बोट ठेवून दोन्ही प्रकारे वाचली. मी म्हटलं, “आजोबांच्या पेशी तिचं रोजचंच काम करत होत्या रे. मजकूर मात्र दुसऱ्याचा होता.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाई, बोट मागे सरकूच दिलं नाही तर?”

“तर त्याच्या नकला निघणार नाहीत. तसं औषध शोधायचं काम शास्त्रज्ञ करतायत.”

त्याने पट्टी घडी करून दप्तरात ठेवली.

पट्टी तुमच्याही वर्गात, घरी करून बघा. आणि एखादा प्रश्न आपल्याला आला नाही, तर “मोठा झालास की कळेल” म्हणू नका. “मला माहीत नाही, वाचून सांगते,” म्हणा. आणि खरंच वाचून सांगा.