रिव्हर्सिंगचा कंदील

कोल्हापूरला भुतांची वाण नाही. पण बोगद्यांमधले ओस पडलेले रेल्वे स्टेशन काही आमच्या गावात नाही. संस्थानची आगगाडी १८९१ साली मिरजेहून आली ती सपाटीवरून, उसाच्या मळ्यांतून. असले स्टेशन हवे तर मुंबईचीच वाट धरावी लागते. महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटेच्या अंधारात बोरघाट उतरू लागली, की मुलांना खुशाल उठवावे, खिडकीपाशी बसवावे आणि रिव्हर्सिंगची गोष्ट सांगावी.

हे स्टेशन होते खंडाळ्याच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर. १८६३ मध्ये घाटाची लाईन सुरू झाली, तेव्हा रुळांना वळसा घालायला येथे जागाच नव्हती. म्हणून गाडी सरळ येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि शेपटाचे तोंड करून गाडी पुढची वाट चालू लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, आणि स्टेशन सुटले. तोवर मिरज करून, पुण्यास गाडी बदलून मुंबईला निघालेल्या आपल्या पणजोबांना ही उलटापालट चुकली नव्हती.

ओसाड स्टेशनाला भूत चिकटायचेच. लंडनचे ‘ब्रिटिश म्युझियम’ स्टेशन १९३३ मध्ये बंद पडले. तेथल्या भुयारात म्हणे चक्क इजिप्तचे भूत हिंडते! आपल्या भुताला एवढा थाट कुठला? डब्यातल्या गप्पांत ऐकू येते ते इतकेच, की बोगद्याच्या तोंडाशी एक कंदील हलतो, आणि जवळ जावे तर कोणी नसते.

मला त्या कंदिलाचे नवल वाटत नाही. जानेवारी १८६९ मध्ये याच घाटात मेलगाडी ब्रेक न लागल्याने हाताबाहेर गेली व प्रवासी दगावले. पण खरे मरण त्याआधीचे. १८५६ पासून सात वर्षे येथे कातळ फोडला जात होता, बोगदेच पंचवीस. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबत, त्यांत बाया आणि पोरेही. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये दंगा झाला, आणि पाठोपाठ पटकी आली. सुरुंगाने, कड्यावरून पडून आणि सर्वांत जास्त रोगाने हजारो मेले. त्याच वर्षी आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत वारला; त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. बाई धीराची खरी! तिचे नाव पुस्तकांत आले. कातळ फोडणाऱ्यांची नावे कुठे आली नाहीत.

आता त्या काळाच्या खुणाही एकेक करून चालल्या आहेत. घाटातला जुना दगडी अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला गेला. मुले विचारतील, कंदीलवाल्याचे नाव काय? उत्तर शोधावे तोवर कर्जत येते, आणि खिडकीशी चहावाला उभा असतो.