ज्ञानापुढे उठताना

लहानपणी आपण विद्वानापुढे वाकतो ते वडीलधारे सांगतात म्हणून. तारुण्यात तेच वाकणे खटकू लागते, आणि केस पिकले की आपल्यालाही कुणी नमस्कार करावा असे वाटते. जन्मभर सोबत करणारी ही रीत नेमकी कुणासाठी, हा प्रश्न मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात टाळता येत नाही. शहराचे नावच बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी गुरूवरून पडले. तापीपलीकडचे जैनाबाद जैनुद्दीन शिराजींच्या नावाचे. बोहरा विद्वान सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन १७३० मध्ये इथेच वारले, त्यांच्या दर्ग्यावर दूरदूरची माणसे येतात. तरी मला या गावातला सर्वांत खरा मान जामा मशिदीत दिसतो. १५९० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी घराण्यातला सुलतान राजा अली खान याने तिथे अरबीच्या जोडीला संस्कृत लेख कोरवला. त्यात फारुकींची वंशावळ आहे, पंचांगाच्या भाषेत काळाची नोंद आहे. सुलतान पंडितापुढे उठला की नाही, याला महत्त्व नाही. त्याने पंडिताच्या विद्येला काम दिले, मशिदीच्या भिंतीवर जागा दिली.

ज्यू धर्मात मात्र विद्वानासमोर उठणे हे कर्तव्यच आहे. पिकल्या केसांपुढे उठ, ही तोराह या धर्मग्रंथाची आज्ञा. तालमूद या ज्यू पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथाने तिच्यात ज्ञानी माणूसही धरला, मग तो वयाने लहान का असेना. अशा मानातून बुवाबाजी माजते, हा आक्षेप खोटा नाही. आपल्याकडे तिने घरे उद्ध्वस्त केली आहेत. पण तालमूद मानाला मर्यादाही घालते. दुसऱ्याचे काम करत असलेल्या कारागिराने विद्वान आला म्हणून हातातले काम सोडून उठू नये. विद्वानानेही लोकांना उठायला लागू नये अशी वाट धरावी. चालता माग थांबवून विणकराने आपल्या पाया पडावे, असे ज्याला वाटते तो विणकरांच्या या बऱ्हाणपुरात कुठल्याही गल्लीत या कसोटीला उतरणार नाही.

ग्रंथ आहेत, मग माणसाला मान कशाला, असेही विचारतात. तालमूदमधला, चौथ्या शतकातला बॅबिलोनचा पंडित रावा म्हणतो, तोराहच्या गुंडाळीपुढे उठणारे पण थोर माणसापुढे न उठणारे लोक मूर्ख आहेत: गुंडाळीत चाळीस फटक्यांची शिक्षा होती, ती पंडितांनी अर्थ लावून एकोणचाळीसवर आणली. बऱ्हाणपुरात जन्मलेल्या अली मुत्तकींचे कामही याच जातीचे. इजिप्तचे विद्वान सुयूती यांचे हदीससंग्रह, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे संग्रह, आधीपासून होतेच; मक्केत राहून मुत्तकींनी ते विषयवार लावले, म्हणून वाचणाऱ्याला हवे ते हाती लागू लागले.